व्हिस्कॉसिटी म्हणजे नक्की काय? डेन्सिटीपेक्षा ती वेगळी कशी, आणि हा शब्द वाक्यात कसा वापरायचा?

तुम्ही लिहिलंय की दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुण्यात मेकॅनिकल डिप्लोमा, व्याख्या तोंडपाठ आहे. पण तोंडी परीक्षेत सरांनी ‘जास्त व्हिस्कस म्हणजे जास्त डेन्स का?’ असं विचारलं की गाडी अडते. मी भोसरी एमआयडीसीत पेंट शॉपला आहे. आमच्याकडे हा शब्द दिवसभर कानावर असतो, म्हणून पुस्तक जरा बाजूला ठेवून तिथूनच सांगतो.

द्रव वाहतो तेव्हा त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. त्या सरकण्याला द्रव आतून जो विरोध करतो, ती व्हिस्कॉसिटी. मराठी पुस्तकांत तिला श्यानता म्हणतात, पण शॉपवर हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तिथे ‘व्हिस्को किती आली?’ एवढंच.

डेन्सिटीचा वाहण्याशी संबंध नाही. एवढ्या जागेत किती वस्तुमान मावलंय, इतकंच ती सांगते. सरांना उत्तर देताना पाऱ्याचं उदाहरण द्या. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, पण त्याची व्हिस्कॉसिटी पाण्याच्या जेमतेम दीडपट. म्हणून तो फरशीवर सांडला की सैरावैरा पळतो. उलट गोडंतेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे डेन्सिटी पाण्यापेक्षा कमी, आणि तरी बाटलीतून पाण्यापेक्षा सावकाश पडतं. जड पण पातळ, हलकं पण दाट. ही दोन उदाहरणं जवळ असली की गोंधळ व्हायचं कारण उरत नाही.

आता मोजायचं कसं ते बघा, कारण माझ्या मते हा शब्द मोजतानाच कळतो. पेंट शॉपमध्ये बी-फोर कप नावाचं एक साधं भांडं असतं. साधारण 100 मिलिलिटरचं, खाली निमुळतं, तळाला सुमारे 4 मिलिमीटरचं भोक. भोकावर बोट दाबायचं, पेंट काठोकाठ भरायचा, वरचा जादा पुसून घ्यायचा. बोट काढलं की स्टॉपवॉच सुरू. पेंटची धार अखंड पडत असते. ती पहिल्यांदा तुटली की घड्याळ बंद. भांडं पूर्ण रिकामं व्हायची वाट बघायची नाही, नवीन पोरं हमखास तिथेच चुकतात. आणि मोजण्याआधी डबा नीट ढवळायचा. पुष्कळ पेंट नुसते ठेवले की दाटतात आणि ढवळले की सैल होतात, त्यामुळे न ढवळता घेतलेलं रीडिंग कामाचं नाही.

जे सेकंद आले ती आमची व्हिस्कॉसिटी. वीस सेकंद हवेत आणि सव्वीस आले, तर थिनर टाका. दाट पेंट तसाच मारला तर फिनिश संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत येते, तिला आम्ही ऑरेंज पील म्हणतो. थिनर जास्त झाला तर उभ्या भागावर ओघळ येतात आणि तो जॉब पुन्हा घासायला जातो. थिनर टाकताना हात आखडता ठेवावा. घातलेला थिनर काढता येत नाही, मग नवीन पेंट ओतत बसावं लागतं.

एक गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकतात आणि कामावर रोज आडवी येते: तापमान. तोच पेंट, तोच कप. जानेवारीत सकाळच्या पहिल्या शिफ्टला वेगळे सेकंद आणि एप्रिलच्या दुपारी वेगळे. द्रव तापला की व्हिस्कॉसिटी घटते, कारण रेणूंची एकमेकांवरची पकड सैल होते. साधं पाणी घ्या. 20 अंश सेल्सिअसला त्याची व्हिस्कॉसिटी जवळपास 1 सेंटिपॉइज, 100 अंशांजवळ 0.28. म्हणजे पावभरच राहिली. वायूंचं मात्र उलट आहे, तापवले की त्यांची व्हिस्कॉसिटी वाढते. तिथे पकडीपेक्षा रेणूंच्या धडकाधडकीतून होणारी संवेगाची देवाणघेवाण महत्त्वाची असते, आणि ती तापमानाबरोबर वाढते. तोंडी परीक्षेला हा आवडता प्रश्न आहे, तयार ठेवा. (पुण्याच्या थंडीत खोबरेल तेल बाटलीत घट्ट होतं, ते मात्र उदाहरण म्हणून देऊ नका. तिथे तेल गोठतं, म्हणजे द्रवाचा स्थायूच होतो.)

म्हणूनच तापमान न सांगता व्हिस्कॉसिटीचा आकडा देणं अर्धवट. मशिन शॉपमध्ये ज्याला ‘68 नंबर हायड्रोलिक’ म्हणतात, त्या आयएसओ व्हीजी 68 तेलातला 68 म्हणजे 40 अंशांना साधारण 68 सेंटिस्टोक्स. बाइकच्या 10डब्ल्यू-30 तेलातला डब्ल्यू म्हणजे विंटर: पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा 100 अंशांच्या व्हिस्कॉसिटीवरून ठरलेला दर्जा.

सेंटिपॉइज आणि सेंटिस्टोक्स यांतला फरकही विचारतात. पहिलं डायनॅमिक व्हिस्कॉसिटीचं एकक, प्वाझय या फ्रेंच डॉक्टरच्या नावावरून. बारीक नळ्यांतून द्रव कसे वाहतात याचा अभ्यास त्याने केला होता. दुसरं कायनेमॅटिकचं, स्टोक्स या शास्त्रज्ञाच्या नावावरून. डायनॅमिकला डेन्सिटीने भागलं की कायनेमॅटिक मिळते. डेन्सिटी इथे पुन्हा डोकावते, पण भागाकारापुरतीच.

राहिलं इंग्रजी. व्हिस्कॉसिटी हे नाम, व्हिस्कस हे विशेषण. ‘धिस ऑइल इज व्हेरी व्हिस्कॉसिटी’ हे जर्नलमध्ये सर्रास दिसतं आणि ते चूक आहे. ‘धिस ऑइल इज व्हेरी व्हिस्कस’ किंवा ‘धिस ऑइल हॅज अ हाय व्हिस्कॉसिटी’ असं लिहा. व्हिस्कॉसिटी हाय किंवा लो असते. बिग किंवा स्मॉल कुणी म्हणत नाही. वाढते-घटते यासाठी इन्क्रीजेस-डिक्रीजेस. ‘थिक’ बोलताना चालतं, पण रिपोर्टमध्ये टाळा, कारण थिक पत्राही असतो. व्हिस्कसचं स्पेलिंग लिहिताना एस आणि सी दोन्ही आलेत का बघा. एस गाळून मध्ये आय घातला तर व्हिशस होतं, म्हणजे दुष्ट, आणि तो शब्दही इंग्रजीत असल्यामुळे स्पेलचेक गप्प बसतो. तेल दुष्ट असल्याचा एक रिपोर्ट आमच्याकडे फाइलला आहे.

तुमच्या लॅबमध्ये बहुतेक रेडवुड व्हिस्कोमीटर असेल. त्यात 50 मिलिलिटर तेल खाली पडायला किती सेकंद लागतात ते मोजतात. प्रयोगाच्या दिवशी गटातल्या एकाच्याच हातात घड्याळ देऊन बाकीचे गप्पा मारत बसू नका. तेच तेल आधी 40 अंशांना आणि मग 60 अंशांना स्वतः घ्या, आणि जर्नलमध्ये प्रत्येक रीडिंगशेजारी तापमान लिहा.