इटलीचे आस्कारी पिता-पुत्र, अंतोनियो आणि अल्बेर्तो, दोघेही रेसिंग ड्रायव्हर होते आणि दोघेही 36व्या वर्षी अपघातात गेले. त्या घराण्यावर शाप होता का?

शाप वगैरे काही नव्हता. दोघेही महिन्याच्या 26 तारखेला गेले, हेही खरंच आहे. पण या योगायोगांच्या चर्चेत त्यांची कर्तबगारी झाकली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

अंतोनियो आस्कारी मिलानमध्ये अल्फा रोमिओच्या गाड्या विकायचे आणि त्याच शर्यतीत पळवायचे. 1924च्या तार्गा फ्लोरिओ या सिसिलीतल्या शर्यतीत अंतिम रेषा अगदी समोर असताना इंजिन बंद पडलं आणि हातातली शर्यत गेली. त्याच वर्षी मिलानजवळच्या मोंझा सर्किटवर त्यांनी इटालियन ग्राँ प्री जिंकली, पुढच्या वर्षी स्पाला बेल्जियन. मग 26 जुलै 1925, पॅरिसजवळचं मोंत्लेरी. आघाडीवर असताना एका वळणावर त्यांची गाडी कडेच्या कुंपणात घुसली आणि उलटली. कुंपण तारेनं बांधलेल्या लाकडी खुंट्यांचं, सीट बेल्ट नाही, डोक्यावर साधी कापडी टोपी. कारण शोधायचं तर इथे शोधा.

अल्बेर्तो तेव्हा नुकताच सात वर्षांचा झाला होता. माझ्या मते वडिलांमागे त्याला लाभलेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे एंझो फेरारींचा लोभ. पुढे फेरारी कंपनी काढणारे एंझो हे अंतोनियोंचे मित्र, आणि आधी अल्फासाठीच काम करायचे. अल्फापासून वेगळं झाल्यावर 1940च्या मिल्ले मिलिया या इटलीतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी त्यांनी दोन गाड्या बनवल्या (अल्फाशी झालेल्या करारामुळे त्यांना स्वतःचं नावसुद्धा देता आलं नव्हतं), त्यातली एक अल्बेर्तोनं चालवली. पुढे फेरारीकडूनच तो 1952 आणि 1953 अशी लागोपाठ दोन वर्षं जगज्जेता झाला. 1952मध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या युरोपातल्या सहा शर्यतींत उतरला आणि सहाही जिंकल्या! हे काही ओळखीच्या जोरावर होत नाही. सुरुवातीलाच पुढे जायचं आणि मग कुणाला जवळही फिरकू द्यायचं नाही, ही त्याची रीत.

22 मे 1955ला मोनॅकोच्या शर्यतीत त्याची लान्चिया गाडी थेट बंदराच्या पाण्यात पडली, तरी तो वाचला. चारच दिवसांनी मोंझाला सहकारी ड्रायव्हरच्या फेरारीतून सरावाच्या फेऱ्या मारताना गेला. नेहमीचं निळं हेल्मेट सोबत नव्हतं म्हणून दुसऱ्याचं घातलं होतं. तो शकुन-अपशकुन मानायचा, त्यामुळे लोकांना यातही संकेत दिसतो. हा अपघात झाला ते वळण आता आस्कारींच्याच नावानं ओळखलं जातं.

तिसऱ्या पिढीतल्या अंतोनियोनंही, म्हणजे अल्बेर्तोच्या मुलानं, काही काळ शर्यतीत गाडी चालवली. मात्र 1953 नंतर 2025पर्यंत आस्कारी सोडाच, एकही इटालियन ड्रायव्हर फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला नाही.