पोरगी चुंबकावर पीएच.डी. करते म्हणते

नमस्कार भाऊ,

पत्र मिळालं. तुम्ही उदगीरच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम, मुलगी नांदेडला एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला. वाळूजच्या औषध कंपन्यांत लागायचं म्हणून तिच्या मैत्रिणींनी ऑरगॅनिक धरलंय. ही मात्र इनऑरगॅनिक घेऊन 'दोन धातूंमधला पूल' या विषयावर, म्हणजे अशा पुलांनी जोडलेल्या धातूंच्या चुंबकत्वावर, पीएच.डी. करायचं म्हणते. आणि तुम्ही विचारलंय, लोहचुंबक करून पोट भरतं का?

चुंबकानं नाही भरत. रेणूंपासून केलेले हे चुंबक अजून प्रयोगशाळेतच आहेत आणि इतक्यात बाजारात येतील असं मला वाटत नाही. पोट भरतं ते काम करताना हाताला लागलेल्या कसबावर. पण आधी विषय समजून घ्या, तो तुमच्या धंद्यापासून फार लांब नाही.

तांब्याच्या आयनावर (विद्युतभार असलेल्या अणूवर) एक एकटा इलेक्ट्रॉन असतो आणि त्यामुळे तो आयन इवलंसं चुंबक होतो. असे दोन आयन शेजारी असले तरी त्यांचा व्यवहार बहुधा थेट होत नाही. शेतकरी आणि खरेदीदार यांचा सौदा आडत्यामार्फत ठरतो, तसा तो मधल्या ऑक्सिजन किंवा नायट्रोजनच्या अणूमार्फत ठरतो. धातूला धरून बसणाऱ्या अणूला किंवा रेणूला लिगंड म्हणतात, आणि हा मधला म्हणजे ब्रिजिंग लिगंड, पूल बांधणारा. दोन्ही चुंबकांची तोंडं एका दिशेला राहणार की उलट, हे तो कसा बसलाय त्यावर अवलंबून. हायड्रॉक्साइडचे (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचे) पूल असलेल्या तांब्याच्या जोड्यांत तांबं-ऑक्सिजन-तांबं हा कोन साधारण 97.5 अंशांपेक्षा कमी असेल तर एका दिशेला, जास्त असेल तर उलट. हा हिशेब 1976 साली मांडला गेला. ॲझाइडचंही (ओळीनं जोडलेल्या तीन नायट्रोजनांचा लिगंड) तसंच: एकाच टोकाच्या नायट्रोजननं दोन्ही धातू धरले तर बहुधा एका दिशेला, दोन टोकांनी एकेक धरला तर उलट.

तिच्या कॉलेजच्या कपाटात कॉपर ॲसिटेटची बाटली असेलच. त्यात दोन तांबी चार ॲसिटेटांनी जोडलेली असतात. ते थंड करत गेलं की चुंबकत्व वाढायच्या ऐवजी नाहीसं होत जातं, कारण दोन्ही तांब्यांची तोंडं उलट होऊन एकमेकांना खोडतात; हे 1952 साली उलगडलं. लिगंडला कुठे कोणता गट जोडला म्हणजे कोन किती उघडेल, कोणते दोन धातू शेजारी बसवायचे, हे आधी ठरवून रेणू घडवायचा, हे तिचं काम. फ्रान्सच्या ऑलिव्हिए कान यांनी 1982 मध्ये तांबं आणि व्हॅनेडियम असे शेजारी बसवले की दोघांचे इलेक्ट्रॉन एका दिशेलाच राहिले. मला स्वतःला हा भाग फार देखणा वाटतो.

एक गोष्ट मात्र तिनं डोळे उघडे ठेवून बघावी. 2018 मध्ये ज्या रेणूची चुंबकी स्मृती 80 केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 193 अंश सेल्सिअसपर्यंत टिकली, त्यात पूलच नव्हता. डिस्प्रोसियम या धातूचा एकच आयन होता. तेव्हापासून गाजावाजा तिकडे जास्त आहे. पुलाचं काम संपलेलं नाही, पण ते कोणत्या प्रश्नासाठी करायचं हे गाइडला विचारूनच ठरवावं.

आता पोटाचं. लिगंड बनवणं ही निव्वळ ऑरगॅनिक केमिस्ट्री असते, त्यामुळे ती मैत्रिणींपासून तुटत नाही. शिवाय स्फटिकाची एक्स-रे रचना काढायला ती शिकेल, आणि एकाच औषधाचे वेगवेगळे स्फटिकप्रकार तपासायला औषध कंपन्यांना हेच कसब लागतं. औषधं बनवताना पॅलेडियमचे उत्प्रेरक वापरतात, तिथेही लिगंड जाणणारा माणूस लागतो. प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट या पात्रता परीक्षा कामाला येतात, आणि सीएसआयआर-नेटचा केमिकल सायन्सेसचा पेपर ऑरगॅनिकवाल्यांना आणि हिला एकच.

माझं मत स्पष्ट आहे: जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली तरच पीएच.डी. सध्या ती महिना 37,000 रुपये आहे, घरभाडं वेगळं. घरच्या पैशावर किंवा 'बघू पुढे' म्हणून पाच वर्षं घालू नका. आयआयटी मुंबई आणि आयसर भोपाळ इथे या विषयावर काम करणारे गट आहेत. कॉलेजात गॉय बॅलन्सवर (चुंबकत्व मोजायच्या साध्या तराजूवर) मोजतात तेवढ्यानं इथे भागत नाही. द्रव हेलियमच्या थंडीत चुंबकत्व मोजणारं स्क्विड मॅग्नेटोमीटर हे यंत्र लागतं. गाइडला पहिला प्रश्न हाच: मोजमाप कुठे होतं आणि नंबर लागायला किती दिवस जातात? दुसरा प्रश्न त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना: तुम्ही आज कुठे आहात?

लग्नाचं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. ते तिला विचारा, मला नको.

आणि स्पेशलायझेशनचा फॉर्म भरायच्या आधी तिला विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करायला सांगा. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम मिळतं आणि विद्यावेतनही असतं. दहा वेळा रिफ्लक्स (द्रव उकळत ठेवून वाफ परत आत आणायची क्रिया) लावून एकदाही स्फटिक आला नाही, तरी अकराव्यांदा फ्लास्क धुवायला तिचा हात जातो का, हे तिथे तिचं तिलाच कळेल. जात नसेल तर ऑरगॅनिकचा पर्याय खुला आहेच.