मामाला पत्रिका मोबाइलवर पाठवली, तर बिघडलं कुठं?

"मॅडम, या जुन्या रीतींना आता काही अर्थ उरलाय का?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडं लग्नसराईत आणि गौरी-गणपतीनंतर हमखास येतो. विचारणारी माणसं तेवढी वेगळी. सुनेला विचारायचं असतं, आल्या-गेल्या प्रत्येकाच्या पाया पडायलाच हवं का. सासूला विचारायचं असतं, पाहुणे समोर बसलेले असताना सून मोबाइलमध्ये डोकं घालून बसते, हे बोलून दाखवावं की गिळावं. सांगली-मिरजेकडची घरं अजून गावाला धरून आहेत. मुलं पुण्याला, शेती तासगावला, देव गावातल्या थोरल्या घरी. त्यामुळं एकाच घरात तीन तऱ्हेचे नियम नांदतात, आणि कुणाचा नियम कुणाला लागू, हे कुणी कधी बसून ठरवलेलं नसतं.

यातली एक गोष्ट सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

ताई निवृत्त शिक्षिका. साठी ओलांडलेली, घर सांगलीच्या गावभागात. तक्रार झोपेची. मुलीचं लग्न फेब्रुवारीत झालं, जावई चांगला, सासरची माणसं समजूतदार, आणि तेव्हापासून पहाटे तीनला डोळे उघडतात ते उघडतात. रक्त तपासून झालं, थायरॉईड तपासून झालं. पहिल्या भेटीत पाऊण तास त्या लग्नाचं कौतुकच सांगत होत्या. हॉल, जेवण, मुलीचा शालू. मी सहज विचारलं, "आणि मामा? मुलीला बोहल्यावर मामाच आणतो ना?"

"दादा आला नाही."

एवढं बोलून त्या पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या.

झालं होतं असं. मुलीनं पत्रिका छापायच्याच नाहीत असं ठरवलं. सनईच्या सुरावर उघडणारी, फोटो घातलेली छान पत्रिका तिनं मोबाइलवर केली आणि एका रात्री सगळ्या ग्रुपवर टाकली. मामालाही ती तिथंच मिळाली, मावसभाऊ, शाळेतल्या मैत्रिणी आणि सोसायटीच्या सेक्रेटरीबरोबर. चार दिवसांनी ताईंनी फोन केला. दादा म्हणाले, बागेत तोडणी चालू आहे, व्यापाऱ्याचा माल भरायचाय, जमलं तर बघतो. कारण खोटं नव्हतं. ऑक्टोबरात छाटलेली द्राक्षबाग ऐन फेब्रुवारीत हाताशी येते. पण तासगाव काही लांब नाही, आणि भाची सख्खी होती.

"मुलगी म्हणते, मामा अति करतो. पत्रिका मिळाली, वाचली, निळ्या खुणा आल्या. आणखी काय हवं? आणि मॅडम, मला तिचं पटतं हो. घरोघर जाऊन अक्षत द्यायला आता दिवस राहिलेत का? पण एवढं पटतं, तर मग मला झोप का येत नाही?"

यावर घरचे दोन सल्ले तयार असतात. एक, जाऊन पाया धर आणि मोकळी हो. दोन, सोड गं, लोक रुसायचेच. दोन्ही सल्ल्यांनी प्रश्न झाकला जातो, म्हणून मी कुठलाच देत नाही. मी ज्यांच्या विचारांवर घडले ते मनोविकारतज्ज्ञ एरिक बर्न (१९१०–१९७०) सांगायचे की माणसाला जेवणासारखीच दखलीची भूक असते, आणि आपले रोजचे नमस्कार-चमत्कार म्हणजे त्या दखलीची देवाणघेवाण. रोज भेटणाऱ्या दोघांपैकी एकानं एक दिवस नेहमीचं "काय, बरं आहे ना?" विचारलं नाही, तर दुसरा दिवसभर कारण शोधत बसतो. शब्दांत काही नसतं, आपण कुणाच्या तरी गणतीत आहोत ही खूण त्यात असते. त्यामुळं कुठलीही रीत समोर आली की ती बरोबर की चूक यात मी शिरत नाही. त्या रीतीच्या निमित्तानं माणसं एकमेकांशी काय करायची, हे विचारते.

म्हणून ताईंना म्हटलं, "समजा, तुम्ही अक्षत घेऊन गेला असता. काय काय झालं असतं, सगळं सांगा."

त्या आधी हसल्या. मग सांगत गेल्या. दारात गेल्यावर वहिनीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला असता, आणि मग चहा. दादानं बाग दाखवायला नेलं असतं, यंदा भाव कसा पडला म्हणून कुरकुर केली असती. वहिनीनं ओटी भरली असती. पत्रिका हातात घेऊन दादानं डोळ्यांपासून लांब धरून वाचली असती. आणि निघताना गाडीपर्यंत येऊन म्हणाला असता, कमी-जास्त काय असलं तर सांग.

"सांगितलं असतंत?"

"नसतं सांगितलं. पण तो विचारतोच. आमच्या लग्नातही विचारलं होतं. महापुरात तर—" आणि त्या थांबल्या.

इतक्या भेटींत महापुराचा विषय पहिल्यांदा निघाला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, ताईंचं अख्खं तळघर आणि खालचा मजला बुडाला. दादांनी ट्रॅक्टर घेऊन शहराच्या कडेपर्यंत येऊन सगळ्यांना तासगावला नेलं. पंधरवडाभर पाच माणसं त्यांच्याकडं होती. त्या पंगतीत आधी पुरुष, मग बायका असं काही राहिलं नव्हतं, जो ओला आला तो आधी जेवला. त्याच दादांना पत्रिका सोसायटीच्या सेक्रेटरीबरोबर मिळाली.

पूर्वी अक्षत द्यायला जावं लागे, कारण निरोप पोहोचवायचा दुसरा मार्ग नव्हता. ते काम आता मोबाइल करतो आणि बैलगाडीपेक्षा चांगलं करतो. पण त्या जाण्यात आणखी एक काम आपसूक व्हायचं. तुम्ही न मागता समोरच्याला मदत देऊ करायची संधी मिळायची, आणि लग्नात त्याची जागा कोणती, हे त्याला दारातच कळायचं. निरोप मोबाइलवर गेला. हे दुसरं काम कुणाकडंच गेलं नाही.

हे मला दिसत होतं, पण मी सांगून उपयोग नव्हता. आणि मुलीची बाजू अजून ऐकायची होती.

मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आली. वकिलासारखी तयारी करून आली होती आणि तिचे मुद्दे मला आवडले. बाबांच्या हृदयात दोन स्टेंट, त्यांना उन्हातान्हात चारशे घरं फिरवायची का? मानाच्या साड्या चाळीस घ्यायच्या, त्या कुणी नेसत नाही, एका लग्नातून दुसऱ्या लग्नात नुसत्या फिरतात. शेवटी ती म्हणाली, "आणि आत्याच्या वेळी कुठं गेली होती तुमची रीत?"

आत्या म्हणजे ताईंच्या नणंदबाई, वन्सं. चाळिशीतच नवरा गेला. घरातल्या प्रत्येक हळदीला त्या स्वयंपाकघरात काहीतरी चिरत बसायच्या. या लग्नात मुलीनं हट्ट धरला, पहिली हळद आत्या लावेल. दोन-चार बायकांनी नाकं मुरडली. ताई मात्र मुलीच्या मागं उभ्या राहिल्या. सांगलीहून फार लांब नसलेल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ ला विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करायचा ठराव केला होता, आणि १७ मे २०२२ ला राज्य सरकारनं तोच कित्ता इतर गावांनी गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. ताई शाळेत असताना त्यांनी हे मुलांना वाचून दाखवलं होतं. म्हणाल्या, "शाळेत वाचायचं आणि घरात गप्प बसायचं, हे मला जमलं नसतं."

तेव्हा मी तो प्रश्न विचारला. त्यासाठी मी दोन भेटी थांबले होते.

"ताई, तुम्ही या लग्नात दोन रीती मोडल्यात. वन्संना हळद लावू दिलीत, आणि दादांना अक्षत दिली नाहीत. पहिलीनं चार माणसं दुखावली, तरी त्या रात्री तुम्हाला झोप लागली. दुसरीनं एकच माणूस दुखावला आणि झोप उडाली. का?"

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मुलगीही स्क्रीनवर गप्प. मी मध्ये बोलले नाही. समुपदेशकाला बोलण्यापेक्षा हे न बोलणं शिकायला जास्त वर्षं लागतात, एवढं अनुभवानं सांगते.

मग ताई हळूहळू बोलल्या. "वन्संचे हात थरथरत होते हळद लावताना. इतकी वर्षं आम्ही त्यांना आत बसवलं होतं, त्या दिवशी त्या बाहेर आल्या. आणि दादा... दादाला मी बाहेर ठेवला."

मुलगी म्हणाली, "मी ठेवला, आई. तू नाही."

आम्ही तिघीही पुढची दोन मिनिटं कामाच्या नव्हतो.

यानंतर मी त्यांना एकच सुचवलं. दोघींनी तासगावला जायचं. आहेर नाही, मिठाईचा बॉक्स नाही, सफाई द्यायची नाही. हळद लावलेल्या अक्षता न्यायच्या आणि जे तेव्हा करायचं राहिलं ते आता करायचं. लग्नानंतर अक्षत देतात का, असं मुलीनं विचारलं. मी म्हटलं, रीतीत बसत नाही, पण रीत आपण मोडतोच आहोत तर हीही मोडू.

तिथं काय झालं ते ताईंनी पुढच्या भेटीत सांगितलं. दादा आधी बेदाण्याच्या शेडमधून बाहेरच आले नाहीत. मग आले आणि म्हणाले, "आता कशाला? झालं की लगीन." ताईंना वाटलं होतं, ते मानपानावर बोलतील, म्हणून त्या तीच समजूत काढायला लागल्या. तसे दादा उसळले. "मानपान मला शिकवू नगंस. आईचं लगीन कसं झालंय ठावं हाय न्हवं? मला काय टावेल-टोपी पायजे हुती व्हय?"

आईचं लग्न कुंडल भागातलं, प्रतिसरकारच्या दिवसांतलं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं १९४३ ते १९४६ च्या सुमारास तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यातच होता) कमी खर्चाची गांधी लग्नं लावली. या भावंडांची आई त्याच मांडवातून आलेली. म्हणजे ज्या दादांना सगळे जुन्या वळणाचे म्हणत होते, त्यांच्या घरानं मानपान ऐंशी वर्षांपूर्वीच सोडला होता. आहेराची वाट ते बघत नव्हतेच. भाचीसाठी त्यांनी दोन हंगामांपासून पैसे बाजूला ठेवले होते, आणि ते कधी द्यायचे हे विचारायला बहीण दारात येईल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. मुलीनं अक्षता त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या टोपीखाली ठेवल्या आणि वहिनींना चहा टाकायला सांगितला. ताई आता पाचपर्यंत झोपतात.

मी हे इतक्या विस्तारानं सांगितलं, कारण जुन्या रीती टाकाव्यात की पाळाव्यात असं सरसकट विचारलं की आपण हमखास फसतो. सगळ्या रीती एका पोत्यात भरलेल्या असतात. कुणाची तरी आठवण ठेवणाऱ्या रीती त्यात असतात, तशा कुणाला तरी खालच्या पायरीवर बसवणाऱ्याही असतात. आल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, कुणाकडं कुणी गेलं तर दहा दिवसांच्या आत जाऊन बसायचं, यांचं काही जुनं झालेलं नाही. ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली लिहून शेवटचं काम होत नाही, हे ज्यांच्याकडं कुणी गेलंय त्यांना विचारा. उलट बायकांनी शेवटच्या पंगतीला उरलंसुरलं जेवणं, सासऱ्यांसमोर सुनेनं खुर्चीवर न बसणं, सवाष्णींनाच हळदीकुंकू, यांत कुणाची दखल घेतली जाते? घेतली जाते ती कुणाच्या तरी कमीपणाची. अशा रीती सोडताना घरात आवाज चढला तरी चढू द्या.

पाया पडण्याचा प्रश्न मधला आहे आणि तिथंच सगळ्यात जास्त भांडणं होतात. माझं मत विचाराल तर, वाकायला कुणाला भाग पाडू नका, पण सुनेनंही हात जोडताना मान वर करून, डोळ्यांत बघून, "काका, कधी आलात?" एवढं विचारावं. बहुतेक काका तेवढ्यावर खूश असतात. दुखतं ते न वाकण्यापेक्षा न बघण्यानं.

काही नियम तर नव्यानं आले आहेत आणि ते थोरांनी शिकायला हवेत. पूर्वी न सांगता जाणं आपलेपणाचं होतं, आता पुण्याच्या फ्लॅटमध्ये दोघं घरून काम करत असताना फोन न करता जाणं त्रासाचं आहे. सुनेनं "आधी कळवत जा" म्हटलं, तर तो अपमान नाही.

आणि या हंगामात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. चारशे घरं फिरू नका. तुमच्या पुरात, आजारपणात, बाळंतपणात जे आले होते त्यांची नावं काढा. वीस-पंचवीस निघतील. तिथं स्वतः जा, मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन. बाकीच्यांना फोन, उरलेल्यांना मोबाइलवरची पत्रिका. तुमचं आजारपण असेल तर ते फोनवर आधीच मोकळेपणानं सांगा, समजून घेणारी माणसं समजून घेतात.

ताईंच्या धाकट्या मुलाचं आता जमतंय. यादी मुलीनंच केली, पहिलं नाव मामाचं आणि दुसरं आत्याच्या सासरचं. मानाच्या साड्यांवर मात्र मायलेकींचं अजून एकमत नाही. मुलगी म्हणते, साफ बंद. ताई म्हणतात, निदान पाच तरी घेऊ. त्या भांडणात मी पडले नाही, पण माझं मत मुलीच्या बाजूनं आहे.