शास्ती की शास्तीकर?

प्रश्न असा आला आहे: ‘पिंपरी-चिंचवडच्या काळेवाडीत आईच्या नावावर घर आहे. महापालिकेच्या जुन्या बिलांवर “शास्ती” असा रकाना दिसतो. वर्तमानपत्रांत आणि सभांत मात्र सगळीकडे “शास्तीकर”. शास्ती म्हणजे दंड असेल तर त्याला कर कसे म्हणायचे? आणि बरोबर शब्द कोणता?’

बरोबर शब्द शास्ती. पण ‘शास्तीकर’ लोकांनी उगाच घडवला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शास्ती हा संस्कृतातल्या ‘शास्’ धातूपासून आलेला शब्द. आज्ञा करणे, शिकवणे, शिक्षा करणे हे तिन्ही अर्थ त्या एका धातूत आहेत. शास्त्र, शासन, शिष्य, शिष्ट ही सगळी त्याचीच भावंडे. ‘शासन’ शब्दात आज्ञेचा आणि शिक्षेचा असे दोन्ही पदर आपण आजही वापरतो: शासनाने निर्णय घेतला, आणि गुन्हेगाराला कडक शासन झाले पाहिजे. शास्तीत मात्र फक्त शिक्षेचा पदर उरला. रोजच्या बोलण्यातून ती जवळजवळ गेली. कोणी आपल्या मुलाला ‘तुला शास्ती करीन’ म्हणत नाही. पण कचेरीत ती ठणठणीत आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत शास्ती आहेत. माहितीच्या अधिकारात मागितलेली माहिती वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये द्यावे लागतात, तीही शास्तीच. संविधानाच्या ११० व्या अनुच्छेदात तर स्पष्ट आहे की द्रव्यदंड किंवा आर्थिक शास्ती लादण्याची तरतूद असली, तरी तेवढ्यावरून विधेयक धन विधेयक, म्हणजे कर वगैरेंबद्दलचे विधेयक, ठरत नाही. म्हणजे कर वेगळा, शास्ती वेगळी. कर देणाऱ्याचा काही गुन्हा नसतो. शास्ती चुकीशिवाय लागत नाही.

मग पिंपरी-चिंचवडला ‘शास्तीकर’ कुठून आला? त्याचे उत्तर कायद्याच्या मजकुरातच आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ प्रमाणे ४ जानेवारी २००८ नंतरच्या बेकायदा बांधकामांना मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती, आणि तीही दरवर्षी. मूळ कर ४,००० रुपये असेल तर शास्ती ८,०००, मिळून १२,०००. पुढचे वाक्य फार महत्त्वाचे: ही शास्ती जणू मालमत्ता करच आहे अशा रीतीने ठरवायची आणि वसूल करायची. दंड एका चुकीला एकदा होतो, अशी आपली समजूत असते. हा दंड दर वर्षी घरपट्टीच्या बिलातून येई, घरपट्टीच्या पटीत येई, आणि थकला की घरपट्टीसारखीच जप्तीची नोटीस येई. ज्याचे वागणे कराचे, त्याला लोक कर म्हणणारच. थेरगाव, काळेवाडी, चिखली भागांत कारखान्यातल्या कामगारांनी अर्धा-एक गुंठा घेऊन घरे बांधली. त्यांनी हा जोडशब्द उचलला तो कोश बघून नव्हे, बिल बघून. मला या शब्दाबद्दल आदर आहे, तो यामुळे.

तरीही लिहिताना तो वापरू नये असे माझे ठाम मत आहे. ‘कर भरतो म्हणजे घर अधिकृत’ ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. पावती जपून ठेवायची, ती पुरावा म्हणून दाखवायची. पण त्याच कलमात म्हटले आहे की कर आणि शास्ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झाले असे समजायचे नाही. ‘शास्तीकर’मधला ‘कर’ हा इशारा झाकून टाकतो. वर्षानुवर्षे पैसे भरून माणूस निर्धास्त होतो आणि घर होते तिथेच राहते, बेकायदा. शब्दाने एवढी फसगत होत असेल तर तो शब्द बाजूला ठेवलेला बरा.

पुढच्या सवलतींच्या बातम्यांतही हा घोळ दिसतो. २०१७ मध्ये ६०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची शास्ती गेली, पुढे ती मर्यादा १,००० चौरस फुटांवर नेली, आणि मार्च २०२३ च्या शासननिर्णयाने पिंपरी-चिंचवडची थकलेली शास्ती माफ झाली. अट एवढीच की मूळ कर आधी पूर्ण भरायचा. बातम्यांत कुठे ‘करसूट’, कुठे ‘शास्तीकर रद्द’. कराला सूट मिळते, शिक्षेला माफी. इथे माफीच म्हणायला हवे. थकबाकीदारांसाठी महापालिका काढतात त्या ‘अभय योजने’चे नाव या दृष्टीने नेमके आहे: अभय द्यायचे ते शिक्षेपासून. जुन्या मराठी कागदांतल्या अभयपत्राची आठवण करून देणारा हा शब्द कोणाला सुचला असेल, त्याला मराठी चांगले येत होते.

लेखनाबद्दलही सांगतो. सुटा शब्द मराठीत दीर्घ: शास्ती, जशी शक्ती, बुद्धी. समासात पहिले पद झाले की मूळ ऱ्हस्व परत येतो: शक्तिपीठ, बुद्धिवाद. त्यामुळे जोडशब्द लिहायचाच झाला तर ‘शास्तिकर’. छापून येतो तो ‘शास्तीकर’ नियमाला सोडून आहे.

आता तुमच्या आईच्या बिलाचे. त्यावर शास्ती दोन ठिकाणी असू शकते. एक बांधकाम बेकायदा असल्याची, जिच्याबद्दल एवढा वेळ लिहिले. दुसरी कर वेळेवर न भरल्याची, थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के. शब्द एकच, चुका दोन. पहिली माफ झाली म्हणून दुसरी आपोआप जात नाही. तेव्हा बिल घेऊन करसंकलन कार्यालयात जाल तेव्हा ‘शास्ती किती?’ असे न विचारता ‘कोणती शास्ती किती?’ असे विचारा.