काटा हलत नाही, मग चालणं वाया गेलं का?

वाचकांचे प्रश्न : वजन, व्यायाम आणि मन

प्रश्न : माझं वय ५२, उंची १५४ सेंमी, वजन ७४ किलो. बीपीची एक गोळी चालू आहे. तीन महिने झाले, रविवार सोडून रोज सकाळी तळजाई टेकडीवर तासभर चालते. वजन जेमतेम दीड किलो उतरलं. घरचे विचारतात, एवढं चालून मिळवलंस काय? झोप मात्र शांत लागते आणि जिना चढताना धाप कमी झाली आहे. जेवण आधीच कमी केलंय. सकाळी फक्त चहा, दुपारी दोन पोळ्या-भाजी, रात्री आमटी-भात. माझं कुठे चुकतंय?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : चालण्यात तुमचं काहीही चुकत नाही. दीड किलो हा हिशोबात बसणाराच आकडा आहे. तुमच्या वजनाची व्यक्ती ताशी ५ किमी वेगाने तासभर चालली, तर नुसतं बसून राहण्यापेक्षा साधारण १८० कॅलरी जास्त खर्च होतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर तीन महिन्यांत १४ हजार. एक किलो चरबी उतरायला अंदाजे ७,७०० कॅलरी लागतात. म्हणजे खाण्यात फरक पडला नसेल तर पावणेदोन किलोच्या पुढे मजल जाणारच नव्हती.

वजन उतरवायचं तर डबे आणि बरण्या तपासाव्या लागतात. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा झाला, तर नुसत्या साखरेच्या १६० कॅलरी होतात. सकाळची जवळजवळ सगळी कमाई तिथेच संपली. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात. घरात महिन्याला किती तेल येतं ते बघा आणि माणसांनी भागा. माणशी अर्धा लिटरच्या आसपास असेल तर ठीक. पाऊण-एक लिटर असेल तर फोडणीपासून सुरुवात करा. दाण्याचं कूट पौष्टिक आहे, पण एका मोठ्या चमच्यात पन्नास-साठ कॅलरी असतात आणि आपल्या भाज्यांत आणि कोशिंबिरींत ते हात सैल सोडून पडतं. उपवासाचंही बघा. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस असेल तर 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण कॅलरीच्या हिशोबातही खरी ठरते.

आम्हाला तुमच्या पत्रात खटकली ती वेगळीच गोष्ट. चहा, पोळी, आमटी-भात यात प्रथिनं फारच कमी आहेत. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि पन्नाशीनंतर गेलेला स्नायू परत मिळवणं कष्टाचं असतं. दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात जायला हवीत (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). ३० ग्रॅम कोरडे मूग किंवा मटकी भिजवून मोड आणले तर ७ ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून ६, पाव लिटर दूध किंवा दह्यातून ८, ५० ग्रॅम पनीरमधून ९. बाकीची पोळी-भाकरी आणि डाळीतून येतात. सकाळी नुसत्या चहाऐवजी मुगाचं धिरडं आणि दही खाल्लंत, तर दुपारी चारची भूकही आवरेल.

आता घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर. शांत झोप आणि कमी झालेली धाप ही व्यायामाची खरी मिळकत आहे आणि ती काट्यावर दिसत नाही. काट्याऐवजी तीन गोष्टी महिन्यातून एकदा वहीत लिहा. पहिली कमर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडून, टेप न आवळता मोजा. साडी किंवा सलवार बांधतो तिथे मोजली तर आकडा फसवतो. भारतीय बायकांसाठी ८० सेंमी आणि पुरुषांसाठी ९० सेंमी ही मर्यादा मानतात. दुसरी गोष्ट म्हणजे हात छातीवर बांधून अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. तिसरी बीपी. वजन एक किलो उतरलं की वरचं बीपी सरासरी एक अंकाने उतरतं, त्यामुळे चार किलो उतरल्यावर उठताना चक्कर येऊ लागली तर गोळीचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या.

उद्दिष्ट ५० किलोचं नको. पाच टक्के, म्हणजे पावणेचार किलो उतरले तरी साखर, बीपी आणि रक्तातली चरबी यांत फरक दिसतो. पाच-सहा महिने द्या. आणि तळजाईवर मैत्रिणींशी गप्पा जरूर मारा, पण वेग असा ठेवा की बोलता येईल, गाणं म्हणता येणार नाही.

प्रश्न : वय ३१, उंची १७० सेंमी, वजन ६४ किलो. हिंजवडीत आयटीत आहे. सगळे मला बारीकच म्हणतात. कंपनीच्या तपासणीत उपाशीपोटी साखर १०८ आली, कमर ९३ सेंमी. वजन जास्त नसताना हे कसं? मी वजन कमी करू का?
– एक वाचक, वाकड

उत्तर : या कोड्यावर पुण्यातच मोठं काम झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा शेजारीशेजारी उभा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हात-पाय बारीक, स्नायू कमी आणि पोटात चरबी, ही भारतीय ठेवण बीएमआयमध्ये पकडली जात नाही. तुमचा बीएमआय २२ आहे, पण तुमची कमर खरं बोलते आहे. उपाशीपोटी १०० ते १२५ साखर म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, आणि इथून मागे फिरता येतं.

जेवण तोडून पाच-सहा किलो उतरवायच्या मागे लागू नका, स्नायू आणखी जातील. तुम्हाला गरज आहे ताकदीच्या व्यायामाची. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात स्नायू उचलतात. एका दिवसाच्या व्यायामाचा हा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खाडा पडू देऊ नका.

आठवड्यात तीनदा, २५ मिनिटं, घरच्या घरी. खुर्चीवर टेकेपर्यंत खाली जाऊन उठणं. हात टेकवून जोर : आधी भिंतीवर, मग ओट्यावर, मग जमिनीवर. सॅकमध्ये पुस्तकं भरून, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकून ती पोटाकडे ओढणं. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. शेवटचे दोन जड वाटले पाहिजेत. बारा सहज होऊ लागले की वजन वाढवा. बहुतेकांचं इथेच अडतं : सहा महिने तेच वजन, तेवढेच आकडे, आणि मग 'फरक पडत नाही' म्हणून सोडून देणं. जोर लावताना श्वास सोडा. श्वास कोंडला की बीपी एकदम चढतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखेल, ते साहजिक आहे. पण जिममध्ये पहिल्याच आठवड्यात कुणी शंभर-दोनशे बैठका मारायला लावल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण आहे.

याशिवाय दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. तीन महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) आणि कमर पुन्हा मोजा.

प्रश्न : वय ४४. नैराश्यासाठी आठ महिने गोळ्या घेतो आहे. बरं वाटतं, पण वजन सहा किलो वाढलं. गोळ्या सोडून रोज धावायला लागलो तर चालेल का? खरं सांगायचं तर सकाळी अंथरुणातून उठवतही नाही.
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : गोळ्या स्वतःहून सोडू नका. एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असा त्रास होतो आणि आजार उलटू शकतो. काही औषधांनी वजन वाढतं हे खरं आहे. मिर्टाझापीन आणि ओलान्झापीन ही त्यातली ठळक नावं. तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना वजनाचे आकडे दाखवून पर्याय विचारा. औषध बदलता येतं किंवा डोस जुळवता येतो, पण तो निर्णय त्यांच्यासोबत बसून घ्यायचा.

व्यायामाचा उपयोग मात्र खराखुरा आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात पन्नाशीपुढच्या १५६ रुग्णांवर अभ्यास झाला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. सोळा आठवड्यांनंतर आठवड्यातून तीनदा व्यायाम करणाऱ्यांचं नैराश्य औषध घेणाऱ्यांइतकंच उतरलं होतं. मात्र ते लोक देखरेखीखाली, गटाने, ठरलेल्या वेळी व्यायाम करत होते. एकट्याने पहाटे पाचला उठून धावायचं ठरवणं आणि तिसऱ्या दिवशी न जमल्याचा दोष स्वतःला देणं, यातून मन आणखी खचतं. ते टाळायला हवं.

पहिले दोन आठवडे फक्त दहा मिनिटं चाला. वेळ एकच ठेवा, शक्यतो उजाडल्यानंतर, कारण सकाळच्या उजेडाने झोपेचं घड्याळ सुधारतं. कपडे आणि बूट रात्रीच काढून ठेवा. सोसायटीतल्या कुणाला तरी खाली उभं राहायला सांगा, वाट पाहणारं कुणी असलं की पाय निघतो. दहा मिनिटांनी परत यावंसं वाटलं तर खुशाल या, तो दिवस भरला. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जा. या काळात वजनकाटा कपाटात ठेवलात तर उत्तम.

जीव नकोसा होण्याचे विचार येत असतील तर व्यायामाची वाट बघत बसू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : गुडघे झिजलेत, तरी पर्वती चढू का? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : चढताना फारसं दुखत नसेल तर चढा. जास्त भार येतो तो उतरताना. कठडा धरून, दुखरा पाय आधी खाली टाकून उतरा. रात्री गुडघा सुजला तर पायऱ्या बंद करून सारसबागेत सपाटीवर चाला. मांडीचा स्नायू मात्र रोज कमवा. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे धरायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो.

प्रश्न : वय ६६, मधुमेह. रात्री इन्शुलिन, सकाळी साखरेची ग्लिमेपिराइड ही गोळी. चार महिन्यांत पाच किलो उतरले. हल्ली सकाळी हनुमान टेकडीवर उपाशीपोटी गेलो की हात थरथरतात, दरदरून घाम येतो. अशक्तपणा असेल का? – एक वाचक, शिवाजीनगर

उत्तर : ही साखर उतरण्याची लक्षणं आहेत. वजन उतरलं आणि स्नायू काम करू लागले की तेवढ्याच इन्शुलिनचा परिणाम जास्त होतो. तुमचा जुना डोस आता जड पडतो आहे. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून तो कमी करून घ्या. तोवर टेकडी बंद, घराजवळ आणि कुणाच्या तरी सोबतीने चाला. निघण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर बघा. ती १०० च्या खाली असेल तर एक केळं खाऊन निघा. खिशात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. थरथर सुरू झाली की तिथेच बसा, तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी साखर मोजा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्या. बिस्किट किंवा चॉकलेट चालणार नाही, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. सावरल्यावर घरी येऊन लगेच न्याहारी करा, आणि किती वाजता काय झालं ते लिहून डॉक्टरांकडे न्या.