कॅलिफोर्नियात माझ्या एकट्याच्या नावावर असलेल्या घरात पत्नीला सहमालक करण्यासाठी क्विटक्लेम डीड पुरेसे आहे का?

होय, नवरा-बायकोमधील अशा हस्तांतरणासाठी क्विटक्लेम डीड सहसा पुरेसे असते. या दस्ताने देणारा ‘माझा जो काही हक्क असेल तो’ एवढेच देतो, मालकी निर्वेध असल्याची हमी देत नाही. म्हणून अनोळखी माणसाकडून घर घेताना ते मुळीच स्वीकारू नये, पण तुमच्या पत्नीला तुमच्या घराचा इतिहास ठाऊक आहे. आपल्याकडील हक्कसोडपत्र सहहिस्सेदाराच्याच लाभात होते, तर क्विटक्लेम डीड कोणाच्याही नावे करता येते. दस्तात घेणारे म्हणून तुम्ही आणि पत्नी अशी दोन्ही नावे लिहा. केवळ पत्नीचे नाव लिहिल्यास तुमचा संपूर्ण हिस्सा तिच्याकडे जाईल, आणि ही चूक निस्तरणे फार जड जाते. नोटरीसमोर सही करून दस्त काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवा आणि सोबत मालकीबदलाचा प्राथमिक अहवाल जोडा, त्यात हे पती-पत्नीमधील हस्तांतरण असल्याचे नमूद करा, कारण अशा हस्तांतरणामुळे मालमत्ता कराचे फेरमूल्यांकन होत नाही. गृहकर्जाची जबाबदारी मात्र तुमच्यावरच राहते, परंतु राहत्या घरात जोडीदाराला मालक केल्याबद्दल बँक संपूर्ण कर्ज एकदम मागू शकत नाही, असे संरक्षण 1982च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने दिले आहे. पत्नी अमेरिकेची नागरिक नसल्यास तिला अमर्याद करमुक्त भेट देता येत नाही, 2025 साठी ही वार्षिक मर्यादा 1,90,000 डॉलर होती, तेव्हा हिश्श्याची किंमत चालू वर्षाच्या मर्यादेहून अधिक असेल तर सहीपूर्वी कर सल्लागाराला अवश्य विचारा.