निवड झाली, पण कशावरून?

प्रश्न : माझा मुलगा दापोलीला अकरावी सायन्सला आहे. दहावीला 86 टक्के होते. गेल्या महिन्यात त्याने मोबाइलवर कसलासा फॉर्म भरला. चौथ्या दिवशी मेल आला की दुबईत तीन दिवसांची 'युवा नेतृत्व परिषद' आहे, तुमची निवड झालीय, 92 हजार भरा. सर्टिफिकेट परदेशी कॉलेजात उपयोगी पडेल म्हणे. आमची एकच होडी, त्यात यंदा मासळी कमी. तरी मिस्टर सोसायटीतून कर्ज काढायला तयार आहेत. मी नको म्हटलं तर मुलगा धड जेवत नाही. धाकटी मुलगी झेडपीच्या शाळेत सातवीत आहे, तिचंही बघायचंय. काय करू?
– एक आई, हर्णै

उत्तर : ताई, पैसे भरू नका. चार दिवसांत निवड झाली ती कशावरून? मुलाशी कोणी बोललं नाही, त्याच्या सरांना कोणी विचारलं नाही. खरी निवड असते तिथे आधी पोराला ओळखून घेतात, पैशांचं मागाहून निघतं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी अशाच पत्रापायी घरच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. त्या सर्टिफिकेटला पुढे कोणी विचारलं नाही. पाटल्या सोडवायला तीन हंगाम गेले.

पण मुलाची ओढ खोटी नाही. त्याला एक गोष्ट सांगा, समुद्राचीच आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जहाजं बुडत होती. लाइफबोटीत उतरलेल्यांपैकी तरणी पोरं लवकर हाय खातात आणि मुरलेले खलाशी तगतात, हे लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाला खटकलं. त्याने कुर्ट हान या शिक्षकाला हाताशी धरून 1941 मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर, अ‍ॅबरडोव्हीला 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा काढली. पोरांना नुसतं समुद्रावर जायला शिकवायचं नाही, समुद्राकडून त्यांना घडवून घ्यायचं, हा तिचा पाया. पुढे हानच्याच विचारातून 1962 मध्ये अटलांटिक कॉलेज उभं राहिलं, तेही वेल्समध्ये, समुद्राला लागून. बुडणाऱ्यांना वाचवायला तिथल्या सोळा-अठरा वर्षांच्या मुलांनी शिक्षकांबरोबर मोडत-जोडत एक होडी तयार केली, तळ टणक आणि काठ हवेने फुगवलेले. तिचं पेटंट 1973 मध्ये ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेला अवघ्या एका पौंडात देऊन टाकलं. कोस्ट गार्डच्या फुगीर काठांच्या वेगवान होड्या तुमच्या मुलाने पाहिल्या असतील. त्या याच जातीच्या.

अशी 'युनायटेड वर्ल्ड कॉलेजं' आज जगात 18 आहेत. त्यातलं एक 1997 पासून आपल्या मुळशीत आहे. दोन वर्षं तिथेच राहून शिकायचं. फी डोळे पांढरे करणारी आहे, पण निवड झाल्यावर घरची ऐपत बघून शिष्यवृत्ती ठरते. अर्ज, मुलाखत, सगळ्याला कस लागतो आणि इंग्रजी बोलावं लागतं. वयाची अट आणि तारखा त्यांच्या वेबसाइटवर मुलालाच शोधू द्या.

तिथे नाही जमलं, तरी 1956 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला ड्यूक ऑफ एडिनबरा अ‍ॅवॉर्ड आहे. त्यामागेही हानच. आपल्याकडे त्याला 'इंटरनॅशनल अ‍ॅवॉर्ड फॉर यंग पीपल' म्हणतात, वय 14 ते 24. कोणाशी स्पर्धा नाही. सेवा, कौशल्य, व्यायाम आणि एक साहसी प्रवास. ब्राँझ या पहिल्या पातळीला किमान सहा महिने, आठवड्याला तासभर तरी. हर्णैच्या मुलाने सेवा शोधायला दूर कशाला जावं? खाडीपलीकडे आंजर्ल्याला कासवांच्या घरट्यांची राखण चालते. कौशल्य म्हणून बापाकडून होडीचं इंजिन खोलून-जोडून शिकावं. कॉलेजात या अ‍ॅवॉर्डचं केंद्र आहे का, प्राचार्यांना विचारा.

आणि आजपासून त्याला एक वही घालू द्या. मी शाळेत विज्ञान शिकवताना मुलांकडून घालून घ्यायचो : तिथी, भरतीची वेळ, वारा कुठला, जाळ्यात काय आलं. नववीतल्या एका मुलाच्या वहीला सुकटीचा वास यायचा. मी धड्यापर्यंत पोचायच्या आधी त्याने समासात लिहिलं होतं, 'भरती रोज पाऊण तास उशिरा. भांगाला पाणी लांब जात नाही. का?' (भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती.) ते 'का' मी आजवर विसरलेलो नाही. चांगल्या ठिकाणच्या अर्जात विचारतात ते हेच : तू स्वतः काय केलंस, काय पाहिलंस. दुबईच्या तीन दिवसांत त्याचं उत्तर मिळत नाही. तुमच्या मुलाकडे ते घरातच आहे, फक्त लिहिलेलं नाही.

कर्ज काढू नका, हे मिस्टरांना माझ्या नावाने सांगा. पोरासाठी होडी पणाला लावणाऱ्या बापाबद्दल मला आदरच आहे.

आता धाकटीचं. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा असते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि ती यादीत आली, तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये थेट तिच्या खात्यात. सातवीला 55 टक्के लागतात, म्हणजे या वर्षीच लक्ष द्यायला हवं. तिच्या बाईंना उद्याच सांगून ठेवा, उत्पन्नाच्या दाखल्याचंही विचारून घ्या.